स्पीकरची वायर जोडताना : टोकाची दोन सेंटिमीटर नीट करा

नवे स्पीकर आणि अ‍ॅम्प्लिफायर घरी आले की पहिली चर्चा सुरू होते ती वायर कोणती घ्यायची याची. माझं मत स्पष्ट आहे. त्या चर्चेला जितका वेळ जातो त्याच्या अर्धा वेळ जरी वायरची टोकं तयार करायला दिला, तरी त्याचा फायदा कितीतरी जास्त होतो. धड तांब्याची वायर मध्येच सहसा बिघडत नाही. बिघाड होतो तो टोकाशी. एखादी बारीक तार शेजारच्या टर्मिनलला टेकते, स्क्रू सैल राहतो, सोलताना निम्म्या तारा तुटतात, नाहीतर प्लस-मायनस उलटं होतं. हे काम शिकायला एक संध्याकाळ पुरते, आणि इथे भर आहे तो त्या कामावरच.

वायर किती जाड?

वायरची जाडी चौरस मिलिमीटरमध्ये, म्हणजे दुकानातल्या भाषेत ‘स्क्वेअर एमएम’मध्ये मोजतात. काही वायरींवर गेजचा आकडा असतो. तिथे आकडा जितका लहान तितकी वायर जाड : १६ गेज म्हणजे साधारण १.३ स्क्वेअर एमएम, १४ गेज म्हणजे २.१ आणि १२ गेज म्हणजे ३.३.

वायरचा स्वतःचा रोध स्पीकरच्या इम्पीडन्सच्या (आवाजाच्या संकेताला स्पीकर करतो त्या विरोधाच्या, तोही ओहममध्येच मोजतात) पाच टक्क्यांपेक्षा कमी असावा, हा सोपा आणि भरवशाचा नियम आहे. ८ ओहमच्या स्पीकरला तो ०.४ ओहमपर्यंत चालतो, ४ ओहमच्या स्पीकरला ०.२ पर्यंत. यामागचं कारण असं की स्पीकरचा इम्पीडन्स सगळ्या सुरांना सारखा नसतो, तो वर-खाली होत राहतो. वायरचा रोध जास्त असला तर इम्पीडन्स जिथे खाली जातो तिथे आवाज जास्त दबतो आणि मूळ आवाजाचा तोल बदलतो.

हिशेब करताना एक गोष्ट हमखास राहून जाते. वीज जाते तशी परतही येते, म्हणून अंतर दुप्पट धरायचं. दीड स्क्वेअर एमएम तांब्याच्या तारेचा रोध मीटरला सुमारे ०.०११५ ओहम असतो. अ‍ॅम्पपासून स्पीकर ५ मीटरवर असेल तर १० मीटर तार, म्हणजे जेमतेम ०.१२ ओहम. या हिशेबाने दीडची वायर ८ ओहमच्या स्पीकरला सुमारे १७ मीटरपर्यंत आणि ४ ओहमच्या स्पीकरला साडेआठ मीटरपर्यंत पुरते. अडीचची वायर अनुक्रमे २९ आणि १४ मीटरपर्यंत जाते. बहुतेक खोल्यांमध्ये दीड किंवा अडीच घेतली की विषय संपला. त्याहून जाड वायर घेऊन आवाज सुधारत नाही, उलट ती प्लगमध्ये बसवणं अवघड होतं.

पारखून घ्यायची ती धातूची शुद्धता. वरून तांब्याचा मुलामा आणि आत अ‍ॅल्युमिनियम अशा वायरी सर्रास विकल्या जातात. त्यांचा रोध तेवढ्याच जाडीच्या तांब्याच्या जवळपास दीडपट असतो. त्या तारा ठिसूळही असतात, दोन-चारदा वाकवल्या की तुटतात, आणि स्क्रूखाली दबून सैल पडतात. टोकाची एक तार ब्लेडने हलकेच खरवडून बघा. आतून पांढरट चकाकी दिसली तर ती तांब्याची नाही. मात्र काही वायरींत एक तार तांबूस आणि दुसरी रुपेरी असते. तिथे रुपेरी तारेवर फक्त कथलाचा मुलामा असतो, खरवडल्यावर आत तांबंच दिसतं. दोन तारा ओळखता याव्यात म्हणून ती सोय केलेली असते.

हाताशी काय हवं

वायर स्ट्रिपर, कटर, छोटा स्क्रू ड्रायव्हर, हीट श्रिंक (गरम केल्यावर आकसून घट्ट बसणारी) नळी, खुणेसाठी चिकटपट्टी आणि साधा मल्टिमीटर. क्रिंप करायचं, म्हणजे धातूची नळी तारेवर दाबून घट्ट बसवायची असेल तर त्यासाठीची पक्कड लागेल, साध्या पकडीने चेपून भागवू नका. यातलं एकच काही घ्यायचं झालं तर मी मल्टिमीटर घ्या असं सांगेन. त्याच्यामुळे अ‍ॅम्प्लिफायर वाचतो.

पायरी १ : वीज बंद, प्लग बाहेर

अ‍ॅम्प फक्त बटणाने बंद करून थांबू नका, भिंतीतला प्लगच काढा. आतल्या कपॅसिटरमध्ये थोडा वेळ भार शिल्लक राहतो, म्हणून काही मिनिटं जाऊ द्या. संगीत चालू असताना मागच्या बाजूला वायर काढ-घाल करणं हा अ‍ॅम्प जाळण्याचा सगळ्यात सोपा मार्ग आहे. प्लस-मायनस क्षणभर टेकले तरी आउटपुट ट्रान्झिस्टर जाऊ शकतात. शिवाय १०० वॅटचा अ‍ॅम्प ८ ओहमच्या स्पीकरला पूर्ण जोराने चालवत असतो तेव्हा त्या टर्मिनलांवर सुमारे २८ व्होल्ट असतात. तिथे उघड्या तारेला हात लावायचा नाही.

पायरी २ : मोजा, कापा, खूण करा

अंतर दोरीने मोजा. सरळ रेषेत नाही, तर वायर प्रत्यक्षात भिंतीच्या कडेने, कपाटाच्या मागून जशी जाणार आहे तसं. दोन्ही टोकांना हातभर वायर जास्त ठेवा. स्पीकर पुढे ओढून झाडता आला पाहिजे, आणि पुढे कधी टोक खराब झालं तर कापून नवं करता आलं पाहिजे.

डाव्या आणि उजव्या स्पीकरच्या वायरी अगदी सारख्या लांबीच्या हव्यात असं बरेच जण सांगतात. विजेचा संकेत वायरमधून इतक्या वेगाने जातो की दोन-तीन मीटरच्या फरकाने कानाला काही कळत नाही. दोन्हींचा रोध वर सांगितलेल्या मर्यादेत असला की झालं. एक स्पीकर अ‍ॅम्पच्या शेजारीच असेल तर त्याच्यामागे दहा मीटरचं वेटोळं कोंबून ठेवू नका.

कापल्याबरोबर प्रत्येक वायरच्या दोन्ही टोकांना चिकटपट्टी लावून ‘डावा’, ‘उजवा’ लिहा. डावं-उजवं ऐकणाऱ्याच्या जागेवरून ठरतं. अ‍ॅम्पच्या मागे वाकून उभे राहिलात की ते उलटं दिसतं, आणि गोंधळ नेमका तिथेच होतो.

आता प्लस कोणती तार ते ठरवा. जोडवायरच्या एका तारेवर काहीतरी खूण असतेच : रंगीत रेघ, छापलेली अक्षरं, बोटाला लागणारी उभी कड, किंवा आवरणाचा वेगळा रंग. खुणेची तार प्लसला लावायची की मायनसला, याला निसर्गाचा नियम नाही. एकदा काय ते ठरवा आणि घरातल्या सगळ्या वायरींना तेच लावा. मी खुणेची तार नेहमी प्लसला लावतो.

पायरी ३ : सोलणं

जोडवायरचे दोन पदर आधी तीन-चार सेंटिमीटर वेगळे करा. त्याहून जास्त फाडू नका. मग प्रत्येक पदरावरचं आवरण १० ते १२ मिलिमीटर काढा. स्ट्रिपरवर जाडीप्रमाणे खाचा असतात. आधी एक खाच मोठी वापरून बघा. आवरण निघालं नाही तरच लहान खाचेवर या. उलट्या क्रमाने गेलात तर बाहेरच्या तारा पहिल्याच झटक्यात कापल्या जातात.

स्ट्रिपर नसेल तर ब्लेडने आवरणाभोवती हलकी रेघ ओढा, तांब्यापर्यंत पोहोचू नका. मग तिथे वायर थोडी वाकवली की आवरण फाटतं आणि ओढून काढता येतं. सोलल्यावर टोक उजेडात धरून नीट बघा. दोन-तीन तारा तुटल्या असतील तर हरकत नाही. पाव भाग गेला असेल तर कापून टाका आणि पुन्हा सोला. याच कामासाठी वायर जास्त ठेवली आहे.

उघड्या तारांना बोटाने घट्ट पीळ द्या. पीळ असा हवा की एकही तार बाहेर डोकावता कामा नये. त्याआधी हात पुसून घ्या, घामाने तांबं लवकर काळपटतं.

पायरी ४ : टोक कशाचं करायचं?

आधी तुमच्या अ‍ॅम्पच्या आणि स्पीकरच्या पाठीमागे कोणतं टर्मिनल आहे ते बघा. घरगुती उपकरणांवर मुख्यतः दोन प्रकार असतात : दाबून उघडायचं स्प्रिंगचं, आणि लाल-काळ्या टोपीचं फिरकीचं, ज्याला बाइंडिंग पोस्ट म्हणतात.

उघडी तार ही काही कमी प्रतीची जोडणी नाही. फिरकीच्या टर्मिनलची टोपी सैल केली की दांड्यात आडवं भोक दिसतं. पिळलेली तार त्यातून घालायची आणि टोपी आवळायची. आवरण भोकाच्या तोंडापर्यंत आलं पाहिजे, म्हणजे बाहेर उघडं तांबं राहत नाही. भोक लहान असेल तर तार दांड्याभोवती टोपी आवळण्याच्याच दिशेने, म्हणजे उजवीकडे गुंडाळा. उलटी गुंडाळली तर आवळताना ती बाहेर ढकलली जाते. टोपी बोटांनीच आवळायची. पकडीने जोर लावला तर सगळा दांडाच फिरतो आणि स्पीकरच्या आतली वायर पिळून तुटते. मग बाहेरून सगळं ठीक दिसतं, पण आवाज येत नाही.

ही जोडणी एकदा केली की वर्षानुवर्षं तशीच राहणार असेल, तर मी उघडी तारच ठेवायला सांगेन. अडचण येते ती वारंवार काढ-घाल करताना. दर वेळी एखादी तार तुटते, पीळ सैल होतो, आणि एक दिवस एक बारीक तार शेजारच्या टर्मिनलला जाऊन टेकते.

तिथे बनाना प्लग उपयोगी पडतो. त्याची जाडी ४ मिलिमीटर असते आणि तो फिरकीच्या टर्मिनलच्या मागच्या गोल भोकात सरळ बसतो. काही उपकरणांवर या भोकात प्लॅस्टिकची बुचं असतात. गोल पिनांच्या वीज सॉकेटमध्ये हे प्लग चुकून घातले जाऊ शकतात, म्हणून ती बसवलेली असतात. टोकदार वस्तूने उचकटली की निघतात. पण त्या बुचांमागचा धोका खरा आहे. लहान मुलं असलेल्या घरात बनाना प्लग लावलेली वायर मोकळी पडू देऊ नका.

बनाना प्लग वायरला पकडतो कसा, यावरून त्याचे तीन प्रकार पडतात.

पहिल्यात बाजूला बारीक स्क्रू असतो. तार आत घालायची आणि स्क्रू आवळायचा. सोपा प्रकार आहे, पण स्क्रूचं टोक फिरताना बारीक तारा कापतं. म्हणून आधी तारेवर फेरूल, म्हणजे पातळ धातूची छोटी नळी, चढवून ती क्रिंप करा आणि मग प्लगमध्ये घाला. फेरूल नसेल तर वायर थोडी जास्त सोलून तारा दुमडून जाड करा.

दुसऱ्यात प्लगचे दोन भाग असतात. वायर मागच्या भागातून ओवायची, तारा छत्रीसारख्या चहूबाजूंनी पसरायच्या आणि पुढचा भाग फिरवून त्या दाबून धरायच्या. तारा समान पसरल्या तर पकड छान येते. पसरलेल्या तारांची टोकं बाहेर आली असतील तर कटरने छाटा.

तिसरा प्रकार क्रिंपचा किंवा सोल्डरचा. योग्य पकडीने केलेला क्रिंप मला सगळ्यांत विश्वासाचा वाटतो. दाबामुळे तारा आणि नळी एकजीव होतात आणि मध्ये हवा शिरायला जागा उरत नाही.

प्लग कुठलाही असो, त्याची टोपी आणि हीट श्रिंकचा तुकडा आधी वायरवर सरकवून ठेवा. प्लग बसल्यावर ते मागून घालता येत नाहीत. लाल-काळ्या टोप्या याच वेळी आपण ठरवलेल्या खुणेप्रमाणे लावा. शेवटी प्लग धरून वायर जरा जोराने ओढा. सुटली तर आत्ताच सुटू दे.

स्पेड हा यू आकाराचा चपटा तुकडा टोपीखाली सरकवून आवळायचा असतो. स्पर्शाची जागा मोठी मिळते, पण दोन टर्मिनलं जवळजवळ असतील तर स्पेड फिरून एकमेकांना टेकू शकतात. जागा मोकळी असेल तिथेच वापरा.

स्प्रिंगच्या टर्मिनलला पिळलेली तार किंवा पिनचा प्लग लागतो. त्याचं भोक लहान असतं, जाड वायर शिरत नाही. अशा वेळी बाहेरच्या तारा कापून वायर बारीक करण्यापेक्षा पिन लावा. स्प्रिंगने आवरण न पकडता तांबंच पकडलं आहे ना, ते ओढून तपासा. आवरण आत गेल्यामुळे एक स्पीकर बंद, ही तक्रार फार नेहमीची आहे.

सोल्डरबद्दल एक सावधगिरी. उघड्या तारेच्या टोकाला कथील पाजून ते टोक स्क्रूखाली आवळण्याची सवय अनेकांना असते. ते टोक कडक आणि नीटनेटकं दिसतं, पण कथील मऊ असतं. सततच्या दाबाखाली ते हळूहळू पसरतं आणि काही महिन्यांत स्क्रू सैल होतो. प्लग सोल्डर करायचा असेल तर खुशाल करा. पण तार स्क्रूने आवळायची असेल तर तिच्यावर कथील नको, फेरूल चढवा.

पायरी ५ : अ‍ॅम्पला लावण्याआधी मोजा

वायर फक्त स्पीकरला जोडा. अ‍ॅम्पकडची टोकं मोकळी ठेवा, एकमेकांना टेकू देऊ नका. मल्टिमीटर ओहमवर लावून त्या दोन टोकांमध्ये मोजा. ८ ओहमच्या स्पीकरला साधारण साडेपाच ते सात ओहम दिसतील, ४ ओहमच्या स्पीकरला तीन ते साडेतीनच्या आसपास. आकडा कमी आला म्हणून घाबरू नका. मल्टिमीटर थेट प्रवाहाचा रोध मोजतो आणि तो लिहिलेल्या इम्पीडन्सपेक्षा कमीच असतो.

आकडा शून्याजवळ आला तर कुठेतरी शॉर्ट आहे. मीटरवर काहीच आलं नाही तर जोडणी तुटलेली आहे. दोन्ही बाबतींत आधी टोकं तपासा. हा आकडा नीट येईपर्यंत अ‍ॅम्पला हात लावू नका.

पायरी ६ : जोडणी आणि पोलॅरिटी

अ‍ॅम्पच्या डाव्या प्लसपासून डाव्या स्पीकरच्या प्लसला, मायनसपासून मायनसला. उजवीकडे तसंच. होम थिएटरच्या रिसीव्हरवर अनेकदा प्रत्येक चॅनेलच्या प्लसला वेगळा रंग असतो : समोरचा डावा पांढरा, समोरचा उजवा लाल, मधला हिरवा, मागचा डावा निळा, मागचा उजवा राखाडी. तिथे लाल म्हणजे प्लस असं समजून बसू नका. लाल हा उजव्या चॅनेलचा रंग आहे आणि मायनस सगळीकडे काळा.

एका स्पीकरचं प्लस-मायनस उलटं झालं तर काही जळत नाही, पण संगीत बिघडतं. एका स्पीकरचा पडदा पुढे येतो तेव्हा दुसऱ्याचा मागे जातो, दोघांनी ढकललेली हवा एकमेकांना रद्द करते आणि खालचे सूर गळून पडतात. तबल्याचा डग्गा पोकळ वाटतो. दोन स्पीकरांच्या बरोबर मधोमध यायला हवा तो गायकाचा आवाज नक्की कुठून येतोय तेच कळेनासं होतं. नव्या जोडणीत ‘बास नाही’ अशी तक्रार असेल तर महागडं काही बदलायच्या आधी हे बघा.

तपासणी सोपी आहे. दोन्ही स्पीकर जवळजवळ ठेवा, अ‍ॅम्प मोनोवर करा किंवा एखादं मोनो ध्वनिमुद्रण लावा आणि ऐका. मग अ‍ॅम्प बंद करून एकाच स्पीकरची दोन टोकं अदलाबदल करा आणि पुन्हा ऐका. ज्या जोडणीत खालचा आवाज भरदार येतो ती बरोबर. रिसीव्हर माइक लावून स्वतः मोजणी करत असेल तर तो कधीकधी ‘फेज उलटा’ अशी सूचना देतो. टोकं पुन्हा तपासा. ती बरोबर असतील तर सूचनेकडे दुर्लक्ष करा. काही स्पीकरांच्या आतल्या रचनेमुळे आणि खोलीतल्या परावर्तनामुळे ती चुकीनेही येते.

पायरी ७ : पहिला आवाज

अ‍ॅम्पच्या मागे टॉर्च मारून एकदा बघा. एकही सुटी तार कुठे टेकत नाही ना? मग व्हॉल्यूम शून्यावर, प्लग भिंतीत, अ‍ॅम्प चालू, आणि आवाज हळूहळू वर. बॅलन्स आधी डावीकडे आणि मग उजवीकडे फिरवून बाजू बरोबर आहेत ते पाहा. अ‍ॅम्प मध्येच बंद पडून दिवा लुकलुकला तर त्याचं संरक्षण जागं झालं आहे. लगेच प्लग काढा आणि पायरी ५ पासून पुन्हा सुरुवात करा.

काही वेगळे प्रसंग

स्पीकरच्या मागे चार टर्मिनलं आणि त्यांना जोडणाऱ्या धातूच्या पट्ट्या असतील, तर एकाच वायरसाठी पट्ट्या जागेवरच राहू द्या. त्या काढल्या आणि वायर खालच्या जोडीला लावली तर ट्वीटर, म्हणजे उंच सुरांचा छोटा स्पीकर, गप्प होतो. उलट एका स्पीकरला दोन अ‍ॅम्प लावायचे असतील तर पट्ट्या काढणं अत्यावश्यक आहे, नाहीतर दोन अ‍ॅम्पचे आउटपुट एकमेकांवर आदळतात.

दोन चॅनेलचे मायनस एकत्र जोडून एक तार वाचवण्याचा विचार मनातही आणू नका. अनेक अ‍ॅम्पमध्ये, विशेषतः छोट्या डिजिटल धाटणीच्या अ‍ॅम्पमध्ये, मायनसवरही संकेत असतो. ते एकत्र केले किंवा अर्थिंगला टेकवले तर अ‍ॅम्प जातो. एकाच टर्मिनलवर ८ ओहमचे दोन स्पीकर समांतर जोडले की अ‍ॅम्पला ४ ओहम दिसतात, तेव्हा त्याची तेवढी तयारी आहे का ते माहितीपुस्तिकेत बघूनच जोडा.

व्हॉल्व्हच्या (काचेच्या निर्वात नळ्यांच्या) अ‍ॅम्पला ४ आणि ८ ओहमची अनेकदा वेगळी टर्मिनलं असतात, स्पीकरप्रमाणे निवडा. आणि स्पीकर जोडल्याशिवाय तो चालू करून गाणं लावू नका. भाराविना त्याच्या आउटपुट ट्रान्सफॉर्मरला धोका असतो.

भिंतीतून वायर न्यायची असेल तर वीजवायरींच्या नळीत ती घालू नका, स्वतंत्र नळी ठेवा. उघड्यावर वीजवायर ओलांडावी लागली तर काटकोनात ओलांडा.

महिन्याभराने अ‍ॅम्प बंद करून सगळ्या टोप्या आणि प्लगचे स्क्रू पुन्हा एकदा आवळा. तांब्याच्या तारा दाबाखाली बसतात आणि थोडी ढिलाई येते. पारदर्शक आवरणाच्या वायरीत तांबं हिरवट झालेलं दिसलं तर बाकीची वायर बदलायची गरज नाही. टोक दोन-तीन सेंटिमीटर कापा, आत लख्ख तांबं लागेपर्यंत सोला आणि प्लग नव्याने बसवा.